आठ घोडे पुरले असते

खरे तर आठच घोडे पुरले असते. जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहराचा महापौर ओटो फॉन गेरिके याने १६५०च्या दशकात तांब्याचे दोन पोकळ अर्धगोल एकमेकांना जोडले, स्वतः तयार केलेल्या पंपाने आतली हवा ओढून काढली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले. घोड्यांचा घाम निघाला, पण गोल सुटेनात. मग झडप उघडून आत हवा सोडली आणि तेच अर्धगोल नुसत्या हाताने अलग झाले. ही हकीकत शाळेच्या पुस्तकात भेटते. तिथे सहसा भेटत नाही तो भाग असा: एका बाजूचे आठ घोडे सोडून दिले असते आणि ती बाजू भक्कम भिंतीतल्या कडीला बांधली असती, तरी गोलावरची ओढ तेवढीच राहिली असती. उरलेले आठ घोडे फक्त भिंतीचे काम करत होते. भिंतीला बांधलेला गोल पाहायला मात्र एवढे लोक जमले नसते. तीस वर्षांच्या युद्धात १६३१ साली बेचिराख झालेल्या शहराची बाजू राजदरबारांत मांडत फिरलेला हा माणूस होता. लोकांचे डोळे कशाने विस्फारतात, हे त्याला पक्के ठाऊक असणार.

हिशेब सोपा आहे. गोलाचा व्यास सुमारे ५० सेंटिमीटर. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. आतली सगळी हवा निघाली असे धरले, तर गोल सोडवायला जवळजवळ दोन टनांची ओढ हवी. गेरिकेच्या पंपाने सगळी हवा निघत नसे, त्यामुळे प्रत्यक्षातली ओढ थोडी कमी असेल. तरीही घोड्यांना ती भारीच होती.

आता हाच प्रयोग घरातल्या घरात. गरम भाजी स्टीलच्या डब्यात भरली, झाकण दाबून बसवले आणि डबा ऑफिसला नेला, की दुपारी झाकण निघता निघत नाही. डब्यातल्या वाफेचे पाणी झालेले असते, आतला दाब उतरलेला असतो आणि बाहेरची हवा झाकणावर बसलेली असते. आतला दाब एक पंचमांशाने जरी घटला, तरी दहा सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर सुमारे १६ किलोंचा भार येतो. डबा थोडा वेळ गरम पाण्यात धरावा, हा घरोघरचा उपाय गेरिकेच्या झडपेचेच काम करतो. प्रेशर कुकरमध्ये हीच गोष्ट उलट्या दिशेने घडते. तिथे दाब आत वाढतो, बाहेरच्या दाबाच्या सुमारे दुप्पट होतो आणि पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. महाबळेश्वरला उघड्या पातेल्यात पाणी ९५ अंशांवरच उकळू लागते, म्हणून तिथे डाळ शिजवायला कुकर अधिकच लागतो.

विज्ञानाच्या नेत्रदीपक प्रयोगांबद्दल लिहिताना हे दोन टोकांचे नाते सतत हाताशी ठेवावे लागते. एका टोकाला घोडे, स्फोट, ठिणग्या आणि टाळ्या, दुसऱ्या टोकाला डबा, तवा, समई आणि लायटर. दोन्हीकडचा नियम एकच असतो. खेळ असतो तो मोजमापाचा: नेहमीची गोष्ट हजारपट मोठी, हजारपट थंड किंवा हजारपट वेगवान केली की ती ओळखू येत नाही आणि प्रेक्षक थक्क होतो. पुढची प्रकरणे ही ओळख पटवण्यासाठी आहेत.

या कलेचे सर्वांत नावाजलेले घर लंडनमध्ये आहे. रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना १७९९ची. तिथे हम्फ्री डेव्हीची व्याख्याने ऐकायला बग्ग्यांची एवढी झुंबड उडे की समोरचा अल्बेमार्ल स्ट्रीट हा लंडनमधला पहिला एकेरी वाहतुकीचा रस्ता करावा लागला, असे सांगतात. १८१२ साली पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा, लोहाराचा एक मुलगा ही व्याख्याने ऐकायला आला. त्याने टिपणे काढली, त्यांची स्वतः बांधणी केली, तो ग्रंथ डेव्हीकडे पाठवला आणि पुढच्या वर्षी तिथेच नोकरीला लागला. हा मायकेल फॅरडे. नाताळात मुलांसाठी व्याख्याने देण्याची प्रथा तिथे १८२५ साली सुरू झाली आणि त्यांपैकी १९ व्याख्यानमाला एकट्या फॅरडेने गुंफल्या.

विजेचा एवढा मोठा संशोधक, पण त्याची सर्वांत गाजलेली व्याख्याने मेणबत्तीवर आहेत. १८४८ साली आणि पुन्हा १८६०च्या नाताळात त्याने ती दिली. विल्यम क्रुक्सने संपादित केलेले त्यांचे पुस्तक १८६१ साली निघाले आणि आजही छापले जाते. त्यात मोठा धमाका जवळजवळ नाही. ज्योतीच्या काळपट गाभ्यात काचेची वाकडी नळी धरायची, आतली मेणाची वाफ नळीतून बाहेर काढायची आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ती पेटवून दाखवायची. म्हणजे घन मेण जळत नाही, जळते त्याची वाफ. मेणबत्ती विझवल्यावर उठणाऱ्या पांढऱ्या धुराला वरच्या वर काडी लावली, की ज्योत धुरावरून उडी घेत वातीवर परत येते. मग ज्योतीवर बर्फाने गार केलेले भांडे धरायचे आणि त्याच्या बुडाशी जमलेले पाण्याचे थेंब दाखवायचे. आगीतून पाणी निघते, हे त्या मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

मराठी घरात या व्याख्यानांचे निम्मे साहित्य पूर्वीपासून होते. समईची वात तेल वर ओढते, तेही गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध, कारण धाग्यांमधल्या बारीक फटींत द्रव चढतो. ज्योत पिवळी का, याचे उत्तर तर काजळ धरणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात होते. पूर्ण न जळलेले कार्बनचे कण ज्योतीत तापून लालपिवळे उजळतात. ते जळून जाण्याआधीच थंड ताटली मध्ये आली की तिच्यावर बसतात. ताटली बाजूला केली तर प्रकाश, मध्ये धरली तर काजळ. फॅरडेने हीच गोष्ट श्रोत्यांसमोर सिद्ध केली. फरक एवढाच की त्याने ‘का?’ विचारले होते आणि इथे बाळाच्या डोळ्यांसाठी काजळ हवे होते.

प्रेक्षकांनाच प्रयोगाचा भाग करणारेही काही कमी नव्हते. १७४६ साली पॅरिसच्या आबे नोले या पाद्रीने पंधराव्या लुईसमोर १८० शिपायांना हातात हात धरून उभे केले आणि नुकत्याच शोध लागलेल्या लायडन बरणीतली वीज त्यांच्यातून सोडली. सगळे एकदम उडाले. राजा खूश झाला. शिपायांना काय वाटले ते बहुधा कोणी विचारले नसावे. आज तेवढीच गंमत स्वयंपाकघरात दिवसातून दहादा होते. गॅसच्या लायटरचा खटका दाबला की आतला हातोडा एका विशिष्ट स्फटिकावर आपटतो, दाबामुळे त्यात काही हजार व्होल्ट निर्माण होतात आणि ठिणगी पडते. पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली शोधलेला हा परिणाम. व्होल्ट हजारो असले तरी विद्युतभार नगण्य असतो, म्हणून चुकून बोट लागले तरी फक्त चटका बसतो.

भारतात अशा जाहीर प्रयोगांचे मोठे नाव जगदीशचंद्र बोस यांचे. १८९५च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी भिंतींतून आणि मध्ये असलेल्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या शरीरातून पार पाठवल्या आणि पलीकडे घंटा वाजवली, दारू उडवली. जानेवारी १८९७ मध्ये ते लंडनला, फॅरडेच्याच सभागृहात, शुक्रवारच्या व्याख्यानाला उभे होते. त्यांच्या लहरी मिलिमीटरच्या मापाच्या होत्या. मोबाइलच्या नव्या पिढ्यांसाठी ज्या लहरींचे नाव वारंवार येते, त्या याच कुळातल्या.

त्याच सभागृहात जेम्स ड्यूअर द्रवरूप वायू बशीत ओतून दाखवत असे. इतका थंड द्रव ठेवायचा कशात, ही त्याची अडचण. म्हणून १८९२ साली त्याने दुहेरी भिंतींचे, मधली हवा काढलेले आणि आतून चांदीचा मुलामा दिलेले काचेचे भांडे केले. पेटंट घेतले नाही. १९०४ साली एका जर्मन कंपनीने तेच भांडे ‘थर्मॉस’ नावाने बाजारात आणले आणि ड्यूअरच्या हाती काही लागले नाही. उणे दोनशे अंशांच्या द्रवासाठी केलेली सोय रेल्वेच्या प्रवासात चहा गरम ठेवू लागली.

द्रवरूप नायट्रोजन हा आजच्या विज्ञान प्रदर्शनांतला हुकमी एक्का. उकळबिंदू उणे १९६ अंश. सादरकर्ता गुलाब बुडवून टेबलावर आपटतो, पाकळ्यांचा काचेसारखा चुरा होतो. मग तो स्वतःचा हात क्षणभर त्यात बुडवतो आणि सभागृहाचा श्वास अडकतो. हाताला काहीच होत नाही, कारण ३७ अंशांचा हात नायट्रोजनच्या दृष्टीने लालबुंद तव्याइतका गरम आहे. हात टेकताच नायट्रोजनची वाफ होते आणि त्या वाफेचा पातळ थर हाताभोवती राहतो. योहान गोटलोप लायडेनफ्रॉस्टने १७५६ साली तापलेल्या लोखंडी चमच्यावर पाण्याचे थेंब सोडून हे वर्णन केले. घावन किंवा आंबोळी घालण्याआधी तव्यावर पाणी शिंपडणाऱ्या प्रत्येकाने ते पाहिलेले असते. तवा बेताचा तापला असेल तर थेंब चर्रकन उडून जातो. फारच तापला, साधारण २०० अंशांच्या पुढे गेला, तर तोच थेंब गोळी होऊन तव्यावर नाचत राहतो आणि जास्त वेळ टिकतो. जास्त तापलेल्या तव्यावर थेंबाला जास्त आयुष्य, हे पहिल्यांदा कळते तेव्हा विश्वास बसत नाही. इथे एक इशारा द्यायलाच हवा: तोच नायट्रोजन ओंजळीत किंवा कपड्याच्या घडीत साठला, तर वाफेचा थर टिकत नाही आणि त्वचा गोठून जखम होते. हा प्रयोग घरी करण्याचा नाही.

निखाऱ्यांवरून चालण्याचे स्पष्टीकरणही पुष्कळदा लायडेनफ्रॉस्टच्या गळ्यात मारले जाते: पायाच्या घामाची वाफ होते आणि ती वाचवते. तेवढी गरज नाही. गोव्यात शिरगावला लईराईच्या जत्रेत धोंड निखाऱ्यांतून जातात. तिथे मुख्य कारण कोळशाचा स्वभाव आहे. कोळसा आणि त्यावरची राख उष्णता फार हळू वाहतात आणि पाऊल निखाऱ्यावर क्षणभरच टेकते. तेवढ्याच तापमानाच्या लोखंडी पत्र्यावरून कोणी चालत नाही, चालू शकणारही नाही. उलथन्याला लाकडी मूठ असते ती याचसाठी. श्रद्धा हा ज्याचा त्याचा प्रश्न. लाकूड आणि लोखंड यांतला फरक मात्र सर्वांसाठी सारखा आहे.

महाराष्ट्रात या विषयाला एक वेगळी धार आली ती इथेच. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या शाळांत, चावडीवर, चौकात चमत्कारांचे प्रयोग केले. जिभेवर कापूर जाळला, मंत्राने होम पेटवला, पाण्यावर दिवा लावला. हातचलाखी बाजूला ठेवली तर उरते ते साधे रसायन. होम पेटतो कारण ‘तूप’ म्हणून ओतलेले ग्लिसरीन आणि समिधांमध्ये दडवलेले पोटॅशियम परमँगनेट यांची गाठ पडते. काही सेकंद काहीच होत नाही, तेवढ्यात मंत्र म्हणून होतो आणि मग ज्वाळा उठते. पाण्यावर दिवा पेटतो तो तळाशी ठेवलेल्या कॅल्शियम कार्बाइडमुळे. पाणी पडताच त्यातून अॅसिटिलीन निघतो. गॅस वेल्डिंगमध्ये जळतो तो हाच वायू. एके काळी खाणीतल्या कामगारांच्या आणि सायकलींच्या दिव्यांत हाच जळत असे. आणि आंबे झटपट पिकवायला पेटीत कार्बाइडच्या पुड्या ठेवतात, ज्याला कायद्याने बंदी आहे, तिथेही हाच वायू काम करतो.

‘करणी’ने कपडे लाल होण्यामागे बऱ्याचदा हळद असते. हळदीतला पिवळा रंग अल्कलीच्या संपर्कात लाल होतो. पांढऱ्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लालभडक झालेला पाहून दचकलेले लोक घरोघर सापडतील. वर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा होतो. पारंपरिक कुंकू हेच रसायन वापरून होत आले आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या केमच्या कुंकवाचे नाव यासाठी सर्वदूर आहे. लिटमस कागद शाळेत येण्याच्या कितीतरी आधी हळदीकुंकवाच्या करंड्यात आम्ल-अल्कलीचा दर्शक तयार होता.

बुवा आणि विज्ञानाचा सादरकर्ता यांच्यातला फरक प्रयोग संपल्यावर दिसतो. बुवा पेटी बंद करून निघून जातो. कार्यकर्ता समोरच्या दोन पोरांना पुढे बोलावतो आणि पुडीत काय होते ते दाखवतो. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षाच्या अखेरीस झाला. पेटी उघडून दाखवण्याची किंमत इथे कधी कधी किती जबर असते, हे या विषयावर लिहिणाऱ्याने विसरू नये.

काही प्रयोगांचा रोजच्या जगण्याशी असलेला धागा रात्रीच्या अंधारात दडलेला असतो. थर्माइट हा त्यांतला एक. अॅल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचे ऑक्साइड यांचे मिश्रण मॅग्नेशियमच्या फितीने पेटवले की तापमान दोन हजार अंशांच्या पुढे जाते आणि कुंडीच्या भोकातून वितळलेले लोखंड पांढऱ्या धारेने खाली वाळूत पडते. जर्मन रसायनतज्ज्ञ हान्स गोल्डश्मिट याने १८९०च्या दशकात ही प्रक्रिया विकसित केली. भारतीय रेल्वे आज याच प्रक्रियेने जागच्या जागी रूळ जोडते. मेगाब्लॉक घेतलेल्या मार्गावर कुठे तरी भट्टीसारखा प्रकाश आणि ठिणग्यांचा पाऊस दिसला, तर तो बहुधा या जोडाचा. पूर्वी रुळांच्या फटींवरून जाताना होणारा खडखडाट लांबच लांब जोडलेल्या रुळांवर पुष्कळ कमी झाला, त्यात या प्रयोगाचाही वाटा आहे. आणि ऑक्सिजनसाठी एवढे हपापलेले अॅल्युमिनियम स्वयंपाकघरातल्या पातेल्यात शांत कसे बसते? कारण त्याच्यावर स्वतःच्याच ऑक्साइडचा, डोळ्यांना न दिसणारा पातळ पापुद्रा असतो. आंबट पदार्थ त्या भांड्यात ठेवू नयेत असे म्हणतात, कारण आम्ल तो पापुद्रा खाते.

आवाज डोळ्यांना दाखवण्याचा प्रयोग मात्र जुना आणि अजूनही सर्वांत देखणा. एर्न्स्ट क्लाड्नी हा जर्मन गृहस्थ धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून कडेवर व्हायोलिनचा गज फिरवत असे. पत्रा जिथे थरथरतो तिथून वाळू पळते, जिथे स्थिर राहतो तिथे साचते आणि नक्षी उमटते. १७८७ साली त्याने या नक्ष्या प्रसिद्ध केल्या. पुढे १८०९ साली पॅरिसला नेपोलियनने त्या पाहिल्या, आणि त्यांचे गणित मांडणाऱ्यासाठी बक्षीस लागले. ते तिसऱ्या प्रयत्नात, १८१६ साली, सोफी जेर्मेन या गणितज्ञ स्त्रीने जिंकले. याच धाग्याचे दुसरे टोक तबल्यापाशी येते. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणाऱ्या स्वरांच्या कंपनसंख्या मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात, म्हणून त्याचा नाद धप्प उमटतो. तबल्याला आणि मृदंगाला मात्र स्वर असतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ नियतकालिकात हे मांडले आणि पुढे १९३४च्या लेखात कातड्यावर बारीक वाळू टाकून उमटलेल्या आकृत्याही दिल्या. मधल्या शाईचे वजन कातड्याच्या कंपनांना वळण लावते आणि पहिल्या काही उपस्वरांना पूर्ण पटीत आणून बसवते. हे गणित कोणी मांडण्याच्या कितीतरी आधी तबला घडवणाऱ्यांनी कानाने जमवले होते. या विषयात एवढी मोठी दाद फार थोड्या कारागिरांना देता येते.

आता एक कटू प्रश्न. एवढे सगळे पाहून कोणी शिकते का? हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासले आणि २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयोग नुसता पाहिलेल्या विद्यार्थ्यांना त्यामागचे कारण प्रयोग न पाहिलेल्यांपेक्षा फारसे अधिक कळलेले नव्हते. ज्यांना आधी ‘काय होईल?’ असे विचारून अंदाज बांधायला लावले, त्यांची समज मात्र स्पष्टपणे सुधारली. टाळ्या वाजल्या म्हणजे प्रयोग यशस्वी झाला असे मानणाऱ्या प्रत्येक विज्ञान शिक्षकाने हे वाचून थोडे अस्वस्थ व्हायला हवे. गेरिकेच्या गर्दीला आधी विचारले असते की एका बाजूला भिंत ठेवली तर काय होईल, तर त्या मैदानात निदान एक वाद तरी रंगला असता.

अपघातांचा प्रश्नही तितकाच कटू. मिथेनॉलमध्ये निरनिराळे क्षार विरघळवून रंगीत ज्योती दाखवण्याचा प्रयोग अमेरिकेतल्या शाळांत अनेक मुलांना भाजून गेला आणि तिथल्या रासायनिक सुरक्षा मंडळाला २०१४ साली त्याविषयी जाहीर इशारा द्यावा लागला. तोच धडा गॅसच्या निळ्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकून मिळतो: सोडियमचा पिवळा. दिवाळीच्या फटाक्यांतला लाल स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा. रंगाचे कारण कळायला ज्वाळा छताला भिडण्याची गरज नसते.

म्हणून स्वस्त आणि लहान प्रयोगांची परंपरा इथे मोठ्या प्रयोगांइतकीच मोलाची धरली आहे. अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या घेऊन भूमिती शिकवली. त्यांनी आगकाड्यांच्या प्रतिकृतींचे पुस्तकही लिहिले. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून केलेली खेळणी जगभर पोहोचली. त्या खेळण्यांत धूर नाही, धमाका नाही, पण मूल ती स्वतः मोडून पुन्हा जोडू शकते. घोड्यांच्या प्रयोगाला ही मुभा नव्हती.

आयुकाच्याच आवारात फुकोचा लंबक आहे, आणि तो नेत्रदीपक म्हणावा की नाही याबद्दल मतभेद होऊ शकतात. लेऑन फुकोने १८५१ साली पॅरिसच्या पँथेऑनच्या घुमटाखाली ६७ मीटर लांबीच्या तारेला २८ किलोंचा गोळा टांगला आणि पृथ्वी फिरते हे घरबसल्या दाखवले. लंबकाच्या झोक्याची दिशा पॅरिसमध्ये सुमारे ३२ तासांत पूर्ण फिरते. पुण्यात त्यालाच ७५ तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, कन्याकुमारीला सात दिवस. बघायला आलेली मुले दोन मिनिटे थांबतात, काहीच होत नाही असे म्हणून निघून जातात. पुण्यात तासाभरात दिशा पाच अंशही फिरत नाही, त्यामुळे त्यांचा तरी काय दोष? विषुववृत्तावर तर लंबक कितीही दिवस झुलत ठेवला तरी दिशा बदलतच नाही. तिथेही पृथ्वी तेवढ्याच वेगाने फिरत असताना असे का होते, याचा अंदाज वाचकाने शेवटच्या प्रकरणाला पोहोचण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवावा.